मासा लागत नाही आणि डोकं तापतं: खाऱ्या पाण्यातल्या फ्लाय फिशिंगचा फसलेला दिवस कसा तपासायचा

उजाडल्यापासून पाण्यात उभं राहावं आणि दुपारपर्यंत एकही मासा हाताला लागू नये, असा दिवस खाऱ्या पाण्यात फ्लाय (गळावर पिसं-दोरे बांधून केलेलं नकली आमिष) टाकणाऱ्या कुणालाच चुकत नाही. बरं, तो एकदा येऊन थांबतही नाही. स्वतःचे आणि बरोबरच्यांचे असे दिवस मी इतक्यांदा उलगडून पाहिलेत की तपासणीचा क्रम आता डोक्यात पक्का बसलाय. सोपं आणि बिनखर्चाचं आधी, अवघड आणि महागडं शेवटी. हा क्रम मोडू नका. चिडलेला माणूस नेमका उलट्या टोकाकडून सुरुवात करतो. नवा रॉड घ्यायचा विचार करतो, पण गळाचं टोक बघत नाही.

## लक्षणं

‘आज काहीच जमत नाहीये’ एवढ्यावरून काही कळत नाही. गाडी नेमकी कुठे अडतेय ते बघा. अडायच्या जागा चारच आहेत:

- मासा दिसतच नाही.
- मासा दिसतो, पण फ्लाय त्याच्यापर्यंत पोचत नाही, किंवा पोचते तेव्हा तो उधळतो.
- फ्लाय नीट पडते, मासा मागे येतो, बघतो आणि वळून जातो.
- मासा फ्लाय घेतो, पण लागत नाही, किंवा लागून सुटतो.

ही झाली पाण्यातली लक्षणं. माणसातली लक्षणं वेगळी आणि ती साधारण तासाभरानं सुरू होतात. कास्ट म्हणजे लाइनची फेक, आणि फॉल्स कास्ट म्हणजे ती पाण्यावर न टाकता हवेतच मागे-पुढे झुलवणं. दोन फॉल्स कास्टमध्ये होणारं काम सहावर जातं. दर पाच मिनिटांनी फ्लाय बदलली जाते. पन्नास फुटांवरचा मासा सोडून ऐंशी फुटांवर जोर लावला जातो. रॉडची मूठ इतकी आवळली जाते की बोटांची पेरं पांढरी पडतात. नजर पाण्यावरून उठून घड्याळाकडे जाते आणि बरोबरच्याशी बोलणं तुटक होतं.

मासा न लागणं हा एक बिघाड आणि त्यापायी हात बिघडणं हा दुसरा. पहिल्यावर आपला ताबा निम्माच चालतो, दुसऱ्यावर पूर्ण चालतो. दोन्ही एकत्र झाले की कारण शोधताच येत नाही, म्हणून सुरुवात दुसऱ्यापासून.

## १. दहा मिनिटं थांबा

लाइन गुंडाळा, फ्लाय रॉडच्या कडीत अडकवा, पाणी प्या, टोपी भिजवून परत घाला. मासे समोरून गेले तर जाऊ द्या. तापलेल्या हातानं त्यांच्यावर टाकलेली फ्लाय तशीही वायाच जाणार असते.

हे का करायचं, तर खांदा आणि मनगट आखडले की रॉड सरळ रेषेत न चालता कमानीत फिरतो, लाइनचा फास, म्हणजे हवेत उलगडताना तिला पडणारा वळसा, रुंद होतो आणि वारा तो खातो. मग माणूस आणखी जोर लावतो आणि फास आणखी बिघडतो. या चक्रातून जोर लावून बाहेर पडलेला मी एकही माणूस पाहिलेला नाही. उन्हात चार तास उभं राहून पाणी कमी प्यायलेलं असेल तर डोळ्यांची एकाग्रताही जाते, आणि उथळ पाण्यात मासा शोधणं हे सगळं डोळ्यांचंच काम आहे.

परत सुरू करताना पहिले दहा कास्ट फक्त चाळीस फुटांचे, दोनच फॉल्स कास्टमध्ये. मासा असो वा नसो.

## २. गळाचं टोक, गाठ आणि टिपेट

इथे जरा रेंगाळतो, कारण चौथ्या लक्षणाची बहुतेक उत्तरं मला इथेच मिळाली आहेत.

एका दुपारी सलग तीन बोनफिश (उथळ पाण्यात तळावर खाणारे मासे) माझ्या फ्लायवर आले. तिघांनीही ती घेतली, लाइन ताणली गेली आणि दोन सेकंदांत ढिली पडली. पहिल्यानंतर मी स्वतःला दोष दिला, दुसऱ्यानंतर नशिबाला. तिसऱ्यानंतर फ्लाय तळहातावर घेऊन उन्हात धरली. गळाचं टोक केसाएवढं बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. मागे पाणी उथळ होतं, त्यात प्रवाळाचे खडक वर आलेले होते आणि माझा मागचा कास्ट कधीतरी त्यांना घासला होता. खिशात कानस होती. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि ते मी तीन मासे गेल्यावर केलं.

तेव्हापासूनचा नियम असा. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून ओढायचं. रुतून थांबलं तर धार आहे. नखावरून घसरलं तर कानस काढायची, किंवा फ्लाय बदलायची. मागचा कास्ट कुठेही लागल्याची शंका आली, खडक असो, वाळू असो की होडीची कड, तर लगेच तपासायचं. टार्पनसारख्या माशाच्या तोंडात बहुतेक हाडच असतं, तिथे बोथट गळ रुततच नाही.

मग टिपेट, म्हणजे फ्लाय जिला बांधतात ती शेवटची बारीक दोरी. दोन बोटांच्या चिमटीत धरून फ्लायपासून लीडरपर्यंत, म्हणजे टिपेट आणि लाइन यांच्यामधल्या दोरीपर्यंत, हळूच सरकवा. खरखर लागली तर तो भाग कापून टाका. मध्ये बारीक गाठ लागली तर ती ‘वाऱ्याची गाठ’. नाव वाऱ्याचं असलं तरी ती बहुतेक वेळा आपल्याच कास्टमुळे पडते: पुढच्या फेकीत जोर फार लवकर आणि झटक्यानं लागला की वरची लाइन खालच्या लाइनला ओलांडते आणि गाठ बसते. अशा एका साध्या गाठीनं टिपेटची ताकद जवळपास निम्मी होते. सोळा पौंडांचं टिपेट आठ पौंडांचं झालंय हे माशाला आधी कळतं. गाठ सोडवत बसू नका. कापा, नवं टिपेट बांधा, गाठ आवळण्याआधी ओली करा, कारण कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेनं नायलॉन आणि फ्लोरोकार्बन दोन्ही कमजोर होतात.

## ३. लाइन

खाऱ्या पाण्याचे थेंब लाइनवर सुकतात आणि मिठाचा खरखरीत थर राहतो. त्यात वाळू आणि सनस्क्रीन मिसळलं की लाइन रॉडच्या कड्यांतून सरकत नाही. काल साठ फूट जाणारी लाइन आज पन्नासवर थांबते आणि माणसाला वाटतं हात गेला. ओल्या फडक्याच्या घडीतून पूर्ण लाइन एकदा ओढा. फडक्यावर काळी रेघ उठली की कारण सापडलं. घरी कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो.

रिळावर राहून लाइनला वेटोळ्यांची सवय लागते. सकाळी सुरू करण्याआधी ती हातभर-हातभर ताणून घ्या, म्हणजे नेमक्या क्षणी वेटोळं कडीत अडकणार नाही. आणि लाइन हवामानाला साजेशी हवी. थंड पाण्यासाठी बनवलेली लाइन कडक उन्हात लिबलिबीत आणि चिकट होते, उष्ण पाण्यासाठीची गारठ्यात तारेसारखी वेटोळी धरते. हे सरावानं सुटत नाही, लाइनच बदलावी लागते.

पायाखाली बघा. फसलेल्या कास्टांपैकी निम्म्यांत लाइन बुटाखाली असते. होडीवर शक्य असेल तर अनवाणी उभे राहा, पायाला लाइन लगेच जाणवते.

## ४. मासा दिसत नसेल तर

आधी गॉगल. पोलराइज्ड हवाच, आणि स्वच्छ हवा. काचेवर मीठ सुकलेलं असतं आणि ते आपल्याला कळतही नाही. उथळ वाळूच्या तळावर तांबूस किंवा तपकिरी काच चांगली, कारण तिनं तळ आणि माशाची सावली वेगळी उठते. राखाडी काच खोल निळ्या पाण्यासाठी ठीक. ढगाळ उजेडात पिवळसर. टोपीच्या झडपेची खालची बाजू गडद असावी, नाहीतर पाण्यावरून परतलेला प्रकाश तिच्यावरून डोळ्यांत येतो.

मग सूर्य. तो पाठीमागे किंवा बाजूला येईल अशी चाल धरा, त्यासाठी लांबचा वळसा पडला तरी चालेल. चकाकणाऱ्या पाण्याकडे बघत तीन तास चालणं म्हणजे डोळे मिटून चालण्यासारखंच.

मासा शोधू नका, त्याची खूण शोधा: हलणारी सावली, उजेडात क्षणभर चमकलेली बाजू, वाऱ्याच्या उलट सरकणारी लाट, तळातून उठलेला गढूळ पाण्याचा लोट, पाण्याबाहेर आलेलं शेपटीचं टोक. आणि नजर पृष्ठभागावर नको, तळावर ठेवा. नवख्यांकडून होणारी ही सगळ्यात मोठी चूक आहे.

## ५. पाणी

वरचं सगळं ठीक असूनही मासा दिसत नसेल, तर तो तिथे नसेलच. हे मान्य करायला लोकांना फार वेळ लागतो.

दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यावर ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास लागतात, पण पाणी सारख्या वेगानं चढत नाही. बाराव्या हिश्शाचा ढोबळ हिशोब असा: पहिल्या तासात एकूण उंचीचा १/१२, दुसऱ्यात २/१२, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी ३/१२, मग २/१२ आणि शेवटी १/१२. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत हलतं. वाहत्या पाण्यात कोळंबी, खेकडे आणि बारीक मासे ढवळून निघतात, म्हणून शिकारी मासे तेव्हा खातात. थांबलेल्या पाण्यात तासभर मेहनत करून निराश होण्यापेक्षा त्या वेळेत जेवून घ्या.

भरतीची वेळ रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे जाते. काल सकाळी नऊला जिथे मासे होते तिथे आज नऊला पाणी वेगळं असतं, आणि चौथ्या दिवशी तर चित्र पूर्ण बदललेलं असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात आणि दूरवर चढतं, मासे खारफुटीच्या मुळांत शिरतात आणि फ्लाय तिथे पोचत नाही. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा काही पट्ट्यांवर पुरेसं पाणीच येत नाही. जागा तीच, मासे तेच, पण आठवड्यानं सगळा खेळ वेगळा.

पाण्याचं तापमानही बघा. साधा थर्मामीटर पुरतो. पाणी २० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की बोनफिश उथळ पट्टा सोडून खोल पाण्यात जातात. थंड रात्रीनंतरची सकाळ रिकामी गेली तर तुमचं काहीच चुकलेलं नाही. ऊन तापल्यावर परत या.

## ६. मासा दिसतो, पण उधळतो किंवा नाकारतो

फ्लायची पेटी उघडण्याआधी कोन बघा. खेकडा किंवा कोळंबी शिकाऱ्यापासून पळते, त्याच्या अंगावर चाल करून जात नाही. फ्लाय माशाच्या पलीकडे पडली आणि ओढताना त्याच्याच दिशेनं आली, तर तो घाबरणारच. फ्लाय त्याच्या वाटेवर पुढे पडावी आणि ओढल्यावर त्याच्यापासून दूर जावी. निवांत, घोट्याएवढ्या पाण्यात ती बरीच पुढे टाका, वाऱ्यानं खळबळलेल्या पाण्यात जवळ टाकली तरी चालते.

मासा मागे येऊन वळतो, तेव्हा बहुतेक लोक रंग बदलतात. मी आधी वजन बदलतो. बोनफिश तळावर खातो, आणि तुमची फ्लाय त्याच्या डोक्यावरून तरंगत जात असेल तर रंग कितीही जुळवला तरी उपयोग नाही. घोट्याएवढ्या पाण्याला मण्यांचे हलके डोळे, गुडघ्याएवढ्या पाण्याला शिशाचे जड. फ्लाय तळाला टेकून ओढल्यावर वाळूचा बारीक धूर उठला पाहिजे. त्यानंतर आकार लहान करून बघा, आणि रंग अगदी शेवटी, तोही तळाच्या रंगाशी जुळणारा.

एवढं करूनही नाकारणारा मासा परमिट (उथळ पाण्यातला, फ्लायवर क्वचितच येणारा मासा) असेल, तर त्याचा तो स्वभावच आहे. अमेरिकेतल्या डेल ब्राउन यांनी मर्किन ही खेकड्याची फ्लाय रूढ केली आणि फ्लायवर ५१३ परमिट पकडले. हा आकडा फ्लाय फिशिंगवाले इतक्या आदरानं सांगतात, कारण एक परमिट मिळायलाही अनेकांची वर्षं जातात. परमिटमागे गेलेला रिकामा दिवस बिघाड म्हणून मोजूच नका. दिवसभरात तुमची फ्लाय किती माशांनी पाहिली ते मोजा.

## ७. मासा घेतो, पण लागत नाही

गळ धारदार आहे, टिपेट नवं आहे, तरी सुटतो? मग उजवा हात बघा. गोड्या पाण्यातल्या सवयीनं माणूस रॉड वर उचलतो. रॉड वाकतो, ओढ त्याच्या लवचीकपणात जिरते, आणि फ्लाय माशाच्या तोंडापासून उडून दूर जाते.

रॉडचं टोक खाली, पाण्याला टेकलेलं, माशाच्या दिशेनं रोखलेलं. डाव्या हातानं लाइन सरळ मागे ओढायची, जड वजन लागेपर्यंत. वजन लागलं की मग रॉड उचला. याचा दुसरा फायदा मोठा आहे: माशानं फ्लाय नीट घेतली नसेल तर ती फूटभरच सरकते, त्याच्या नजरेसमोरच राहते, आणि तो पुन्हा येऊ शकतो.

ही सवय डोक्यानं जात नाही, हातानंच जाते. जमिनीवर कुणालातरी लाइनचं टोक धरून मध्येच ओढायला सांगा. वीस-तीस वेळा केलं की हात बदलतो.

मासा लागल्यावर पहिले पाच सेकंद नजर पायाशी पसरलेल्या लाइनवर ठेवा. डाव्या हाताच्या बोटांची कडी करून तिच्यातून लाइन जाऊ द्या, तो हात रिळापासून लांब धरा. मुठीभोवती एक वेटोळं पडलं तर टिपेट तुटतंच.

## ८. वारा आणि कास्ट

हे शेवटी ठेवलंय, कारण हे त्या दिवशी दुरुस्त होत नाही. समोरचा वारा असेल तर मागचा कास्ट जरा उंच, पुढचा खाली उतरता, फास अरुंद. लाइन हवेतच उलगडली तर वारा ती परत आणतो. वारा फेकणाऱ्या खांद्याकडून येत असेल तर गळ डोक्याजवळून जातो. तेव्हा पाठ वळवा आणि मागच्या कास्टवर फ्लाय सोडा. दोन्ही हातांची लयबद्ध ओढ, म्हणजे डबल हॉल, येत नसेल तर जोरदार वाऱ्याचे दिवस फसतच राहतील. ती शिकायला मैदान हवं. समोर मासा पोहत असताना ती शिकता येत नाही.

रिकाम्या दिवसाची नोंद लिहा: वेळ, भरतीची अवस्था, वारा, तापमान, गाडी चारपैकी कुठे अडली. अशा दहा नोंदी झाल्या की आपली जागा स्पष्ट दिसते. माझ्या पहिल्या दहांपैकी सहा ‘घेतो पण लागत नाही’ या होत्या, आणि मी तोपर्यंत लांब कास्टचाच सराव करत होतो.

## कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

वीज. गडगडाट ऐकू आला की थांबा, ‘अजून दोन कास्ट’ नको. रॉड कार्बनचा असतो, वीज वाहून नेतो, आणि सपाट पाण्यावर सगळ्यात उंच तुम्हीच असता. रॉड खाली ठेवा, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका.

ऊन. मळमळ, गरगरणं, बोलण्यात गोंधळ दिसला की तो दिवस संपला. सावली, अंगावर पाणी आणि ताबडतोब वैद्यकीय मदत.

गळ अंगात. डोळ्यात किंवा डोळ्याजवळ घुसला असेल तर ओढू नका, दाबू नका. वरून कपासारखं काही धरून झाका आणि रुग्णालयात जा. सांध्यात किंवा खोल रुतलेलाही डॉक्टरच काढतील. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीनं दाबून टाकलेला असेल तर यातलं बरंच टळतं.

पाकट, म्हणजे शेपटीत विषारी काटा असलेला, वाळूत दडून बसणारा चपटा मासा. वाळूत पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे पाकट आधीच सरकतं. काटा लागलाच तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवा, पण भाजेल इतक्या नाही, आणि डॉक्टरांकडे जा. छातीत किंवा पोटात रुतलेला काटा काढू नका, तसंच रुग्णालयात न्या.

सामान. जड फ्लाय रॉडवर ‘टक्’ करून आदळली असेल तर तिथे नख फिरवून बघा. चीर लागली तर रॉड बनवणाऱ्याकडे किंवा दुरुस्तीवाल्याकडे द्या, गोंद लावून वापरू नका. रिळाचा बंदिस्त ड्रॅग (लाइनला रोखणारा ब्रेक) करकरत असेल तर स्वतः उघडू नका.

खांदा, कोपर. दुखणं विश्रांतीनंतरही आठवडाभर राहिलं तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट. दुखऱ्या कोपरानं कास्ट सुधारत नाही, उलट नवी चूक पक्की बसते.

गाईड आणि शिक्षक. नव्या किनाऱ्यावर दोन-तीन दिवस ‘मासा दिसतच नाही’ यावरच अडलं असेल तर एक दिवस स्थानिक गाईड घ्या आणि त्याला विचारा की तो इथेच, याच वेळी का आला. तीन-चार फेऱ्यांमध्ये वाऱ्याच्या गाठी आणि तोकडे कास्ट हेच दिसत असेल, तर कास्टिंग शिकवणाऱ्याकडे जा. आपला कास्ट आपल्याला दिसत नाही, विशेषतः मागचा, आणि चूक बहुतेक तिथेच असते. बाजूनं काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ बरोबर न्या.

मन. किनाऱ्यावरची चिडचिड रात्री झोपेनं उतरते. ती उतरत नसेल, आवडीची गोष्टही दोन आठवड्यांहून जास्त काळ नकोशी वाटत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर मासेमारीचा त्याच्याशी संबंध उरलेला नाही. रॉड ठेवा आणि डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. माझ्या बरोबरच्या एकानं हे वेळेवर केलं. पुढच्या हंगामात तो परत आला, आणि आल्या आल्या त्यानं आधी गळाचं टोक नखावर ओढून पाहिलं.